गाडीला आधी काय जोडावे? चाक, चिखल आणि हवा यांचा इतिहास

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे उभे राहिले, तर महाराष्ट्रातल्या मातीचे एक छोटेसे प्रदर्शनच पाहायला मिळते. त्यासाठी भाजीकडे न पाहता गाड्यांच्या चाकांकडे पाहावे. एका पिकअपच्या टायरला काळी चिकण माती थापलेली असते, दुसरीच्या खाचांत तांबूस मुरूम अडकलेला असतो, तिसरी नुसत्याच धुळीने पांढरी झालेली असते. गाडी डांबरी सडकेवरून आली की शेताच्या बांधापासून निघाली, हे पाटी न वाचताही सांगता येते.

याच ठिकाणी आमच्या ओळखीचे पुरंदर तालुक्यातील एक अंजीर बागायतदार नवीकोरी पिकअप घेऊन आले. इंजिन दोनशे अश्वशक्तीचे, चारही चाकांना जोर देणारे. त्यांच्या हातात एक यादी होती. बंपरपुढे लावायचा लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग, मोठ्या मापाचे टायर, गाडी उंच करण्याचा संच, मागे जास्तीचा पाटा, पुढे विंच आणि पाण्यातून जाण्यासाठी स्नॉर्केल. ते म्हणाले, ''सर, सगळं एकदम परवडायचं नाही. आधी काय घेऊ ते सांगा.''

आम्ही विज्ञान शिकवणारी माणसे. गाड्यांचे दुकान काही चालवत नाही. तरीही प्रश्न विज्ञानाचाच होता, आणि जरा मागे वळून पाहिल्यावर तो इतिहासाचाही निघाला. वाट नसलेल्या जागी गाडी न्यायची, तर आधी काय सुधारावे, हा प्रश्न माणसाला मोटार येण्यापूर्वीच पडला होता. त्याची जी उत्तरे वेळोवेळी मिळाली ती क्रमाने पाहू. मग ही यादी आपोआप लागत जाईल.

भरीव चाकापासून धावेपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनच्या पठारावर मालाची बरीचशी वाहतूक बैलांच्या पाठीवरून होत असे. गाड्या होत्या, पण त्यांची चाके भरीव आणि बोजड असत. गाडीच्या स्वतःच्या वजनातच बैलांची बरीच ताकद खर्ची पडे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्याच दशकात सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने सुधारित, हलक्या गाड्या तयार करण्याचे काम चालवले. ब्रिटिश काळातील जिल्हा गॅझेटिअरांत त्याची नोंद आहे. बैल तेच होते. बदलले ते चाक.

आऱ्यांचे लाकडी चाक आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव, हे पुढे आपल्या बैलगाडीचे ओळखीचे रूप झाले. धाव थंड होताना आकुंचन पावते आणि चाकाचे सांधे आवळून धरते. औष्णिक प्रसरणाचे इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडेल. पण या धावेचा एक दोष होता. समजा, गाडीचे भरलेले वजन १००० किलो आहे आणि दोन चाके आहेत. प्रत्येक चाकावर ५०० किलो भार आला. कठीण रस्त्यावर पाच सेंटीमीटर रुंदीची धाव दोन-तीन सेंटीमीटर लांबीवरच जमिनीला टेकते. म्हणजे क्षेत्रफळ १० ते १५ चौरस सेंटीमीटर, आणि दाब दर चौरस सेंटीमीटरला ३० ते ५० किलो! ओली माती हा दाब कसा पेलणार? चाक रुतते, आणि पुरेसे क्षेत्रफळ टेकेपर्यंत रुततच जाते. मग बैलांना ते चाक त्यानेच खणलेल्या खड्ड्यातून सतत वर चढवावे लागते.

हवेची उशी

हवा भरलेल्या टायरची कल्पना प्रथम रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश संशोधकाने मांडली. १८४५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पण त्या वेळी सायकलही नव्हती आणि मोटारही नव्हती. कल्पना मागे पडली. १८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी असा टायर पुन्हा बनवला. या खेपेला सायकलींचे युग सुरू झाले होते. त्यामुळे टायर टिकला आणि जगभर गेला.

भारतात डनलप कंपनीचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे सुरू झाला. त्या सुमारास बैलगाडीलाही हवेचे टायर लावण्यास सुरुवात झाली. काही भागांत अशा गाडीला लोक नुसते 'डनलप' म्हणू लागले.

हवेच्या टायरने नेमके काय साधले? टायरच्या पोलादी-रबरी भिंतींचा थोडा वाटा सोडला, तर टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो. आपल्या बागायतदारांची पिकअप माल धरून २४०० किलो समजू. प्रत्येक चाकावर ६०० किलो. टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला २.४ किलो दाब, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'चौतीस हवा' असेल, तर टेकलेले क्षेत्रफळ साधारण २५० चौरस सेंटीमीटर येते. हवा निम्मी केली तर ते दुपटीच्या जवळ, ५०० चौरस सेंटीमीटरपर्यंत जाते. म्हणजे एक पैसाही खर्च न करता जमिनीवरचा दाब निम्मा झाला. लोखंडी धावेच्या तुलनेत तर तो कितीतरी पटींनी कमी.

वाळवंटातील प्रयोगशाळा

या साध्या हिशेबाची खरी परीक्षा झाली ती सहारा वाळवंटात. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सैन्यातील अभियंता १९२७ पासून आपल्या मित्रांसह साध्या फोर्ड मोटारी घेऊन इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात हिंडू लागला. त्याच्या गाड्यांची फक्त मागची दोनच चाके इंजिनाने फिरत. तरीही ज्या वाळूच्या डोंगरांतून मोटार जाणे अशक्य मानले जाई, ते त्याने ओलांडले. त्यासाठी त्याने गाड्यांना काय जोडले, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मऊ वाळूत टायरची हवा कमी करणे. दुसरी, रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या पोलादी पट्ट्या. तिसरी, रेडिएटरमधून उकळून बाहेर पडणारी वाफ एका डब्यात थंड करून ते पाणी परत वापरण्याची सोय. गाडीचे नको ते भाग मात्र त्याने काढून टाकले, कारण वजन हाच वाळूतला मोठा शत्रू. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, याच अनुभवावर त्याने वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे सैनिकी पथक उभारले. वाळू वाऱ्याने कशी वाहते यावरचे त्याचे पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले आणि आजही भूशास्त्रज्ञ ते वाचतात. म्हणजे चिखल-वाळूतून गाडी नेणाऱ्या माणसाने वाळूचाही अभ्यास केला होता.

टायरच्या हवेचे हे महत्त्व पुढे अमेरिकी सैन्यानेही ओळखले. महायुद्धात पाण्यातून आणि जमिनीवरून चालणारी 'डक' नावाची गाडी बनवण्यात आली. तिच्या चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करण्याची सोय दिली गेली. किनाऱ्याच्या वाळूवर हवा कमी, पक्क्या रस्त्यावर जास्त.

जीप आणि अडलेले चाक

१९४० साली अमेरिकी सैन्याच्या मागणीवरून जीपचा पहिला नमुना तयार झाला. महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. दुसरीकडे, जर्मनीतील हॅम्बुर्गच्या 'टेम्पो' गाड्यांच्या परवान्यावर बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि 'टेम्पो' हा मराठीत सामान्य शब्दच होऊन बसला. पुण्याच्या टेल्कोमधून १९८६ साली ४०७ आणि १९८८ साली टाटा मोबाइल ही पिकअप बाहेर पडली. जीपची चिवट चाल आणि टेम्पोचा हौदा, या दोहोंचा वारसा आजच्या पिकअपमध्ये एकत्र आला आहे.

आता चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी अडकणारच नाही, असा समज असतो. तो खरा नाही. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. त्यासाठी ऑनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२७ च्या सुमारास डिफरन्शियलची रचना केली. ती दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, वेग मात्र वेगवेगळा घेऊ देते. पक्क्या रस्त्यावर हा गुण आहे, चिखलात तोच दोष ठरतो. एक चाक चिखलात सैल फिरू लागले की त्याला लागतो तेवढाच थोडा पीळ कोरड्यावरच्या चाकालाही मिळतो, आणि गाडी जागीच राहते. हे टाळण्यासाठी डिफरन्शियल बंद करणारे कुलूप असते. बागायतदारांच्या गाडीत ते कारखान्यातूनच आले होते. त्यांना ते माहीतच नव्हते! माहितीपुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. चार चाकांची ओढ गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांवर असतात. ओल्या दिवे घाटात उतरताना दोनशे अश्वशक्तीचा काही उपयोग नसतो. तेथे उपयोगी पडते ते टायर आणि रस्ता यांमधले घर्षणच.

दोर, कप्पी आणि मोट

गाडी रुतलीच तर? मार्केट यार्डातील जुन्या चालकांच्या गाड्या आम्ही पाहिल्या. स्टेपनी, जॅक, टॉमी, टोचनाचा दोर, चाकामागे लावायची लाकडी उटी, एखादी फळी. ही यादी कोणी कॅटलॉगमधून घेतलेली नाही. रस्त्यावर रात्री काढून ती बनली आहे. फळी कशाला, असे विचारले तर उत्तर मिळते, ''जॅक मातीत जातो ना!'' येथेही दाब आणि क्षेत्रफळाचाच धडा.

विंचमागील तत्त्व समजून घ्यायला मोट आठवावी. मोटेचे चाक एका जागी पक्के असते. अशी स्थिर कप्पी बळ वाचवत नाही, फक्त त्याची दिशा बदलते. म्हणून बैलांना धावेच्या उतारावर चालवून त्यांचे वजन कामी लावीत. सरकती कप्पी वापरली तर मात्र ओढ जवळजवळ दुप्पट होते, दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. विंचची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी असावी असा संकेत आहे. शिवाय ते पुढच्या बाजूला बरेच वजन वाढवते आणि बॅटरीतून काहीशे अँपिअर विद्युतप्रवाह खेचते. जो एकटाच रानात जातो त्याला ते हवे. ज्याच्या शेजारच्या शेतात ट्रॅक्टर उभा आहे, त्याला चांगला दोर पुरतो.

मात्र दोर कशाला बांधायचा हे महत्त्वाचे. ताणलेल्या दोरात ऊर्जा साठते, आणि ती ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बंपरला किंवा एखाद्या कमकुवत कडीला दोर बांधला आणि ती तुटली, तर लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो. चासीवर कारखान्याने दिलेल्या हुकालाच दोर बांधावा, आणि ओढताना दोराच्या आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये. आपल्याकडे अशा वेळी मदतीला आणि बघायला निम्मे गाव जमते. धोका त्यांनाच असतो.

यादीतले बाकीचे

आता राहिलेल्या वस्तू तपासू.

मोठे टायर : टायरचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर जमिनीवर मिळणारी ओढ साधारण १० टक्के घटते, कारण तोच पीळ आता लांब त्रिज्येवर वाटला जातो. वेगदर्शकही खोटे बोलू लागतो. माप कारखान्याने मान्य केलेलेच ठेवावे, नक्षी मात्र खोल आणि मोकळ्या खाचांची निवडावी. काळी माती बारीक खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत करून सोडते.

गाडी उंच करणे : दोन चाकांमधले अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७५ सेंटीमीटर असेल, तर स्थिर उभी गाडी साधारण ४५ अंशांच्या कलावर उलटेल. गुरुत्वमध्य १० सेंटीमीटरने वर गेला की हा कोन ४१ अंशांवर येतो. वळणावर आणि भरलेल्या हौद्यासह परिस्थिती याहून बिकट असते. टपावरचे दिवे आणि कॅरिअर हेच करतात.

जास्तीचा पाटा : स्प्रिंग जितकी ताठ आणि भार जितका कमी, तितकी गाडी भराभर उसळते. अर्ध्या भरलेल्या हौद्यात अंजिरांचे काय होईल, हे बागायतदारांना आम्ही सांगण्याची गरज पडली नाही. शिवाय पाटा वाढवल्याने ब्रेक, आस आणि टायर यांची क्षमता वाढत नाही. फक्त जास्त माल भरण्याचा मोह वाढतो.

स्नॉर्केल : इंजिनात पाणी शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि आतले दांडे वाकतात. स्नॉर्केल हे टाळते. पण पाण्याचा दुसरा धोका ते टाळत नाही. केबिन आणि इंजिनाचा भाग तीन मीटर लांब, १.८ मीटर रुंद धरला आणि पाणी तळापासून ३० सेंटीमीटर चढले, तर आर्किमिडीजच्या नियमाने सुमारे १.६ टन उचल मिळते. दोन टनांच्या गाडीचे चाकांवर मग उरते काय? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि मार्केट यार्डापासून फार दूर नसलेल्या वस्त्यांत माणसे दगावली, वाहने वाहून गेली. वाहते पाणी दिसले की थांबावे. त्यावर दुसरे कोणतेही साधन नाही.

लोखंडी गार्ड : मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा केलेला असतो. चेपताना थांबण्याचा काळ वाढतो आणि आतील माणसावरचे बळ कमी होते. ताठ गार्ड हे होऊ देत नाही, एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो. आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याचे काय होईल, याची कल्पनाच करावी. पहाटे मार्केट यार्डात पाठीवर पोते घेतलेला हमाल गाड्यांच्या गर्दीतूनच वाट काढत असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी फेरबदल करू देत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करण्यास सांगितले होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

एका ट्रेमध्ये ओली वाळू घ्यावी. त्यावर वीट प्रथम आडवी, मग उभी ठेवून ती किती रुतते ते मोजावे. दुसरा प्रयोग सायकलवर करता येईल. चाकाखाली आलेखाचा कागद ठेवून टायरला खडूची पूड लावावी आणि त्यावर एका विद्यार्थ्याला बसवावे. हवा भरपूर असताना आणि थोडी कमी केल्यावर उमटलेल्या ठशांचे चौकोन मोजावेत. ठशाचे क्षेत्रफळ आणि हवेचा दाब यांच्या गुणाकारातून चाकावरचे वजन अंदाजे काढता येते. वजनकाट्याशी ते किती जुळते आणि का जुळत नाही, यावर एक तास सहज चर्चा होते.

आठ दिवसांनी आम्ही बागायतदारांना आमचा क्रम सांगितला. पहिली, हवा मोजण्याचा गेज आणि हवा भरण्याचा पंप. दोन्ही एकत्रच घ्यावेत, कारण कमी हवेवर पक्क्या सडकेवरून वेगाने गेले तर टायर तापून फुटू शकतो. दुसरा, मजबूत दोर, फावडे, दोन फळ्या आणि उट्या. तिसरे, सध्याचे टायर झिजल्यावर योग्य नक्षीचे टायर. चौथे, वाट खडकाळ असेल तर इंजिनाखाली संरक्षक पत्रा. विंचचा विचार एक पावसाळा गेल्यावर. बाकीची यादी खोडून टाकावी.

''म्हणजे हजारांतलंच काम झालं की!'' असे म्हणून ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, ''पण सर, गाडी दिसायला साधीच राहणार.'' यावर आमच्याकडे विज्ञानाचे उत्तर नव्हते. पुढच्या वेळी ते भेटले तेव्हा गाडी खरोखरच साधी होती. टायरच्या खाचांत काळी माती होती, हौद्यातली अंजिरे शाबूत होती, आणि माहितीपुस्तिका पिशवीतून बाहेर आलेली होती.